नानांचा बेटावरचा आठवडा

"पोचंल तवा पोचंल. पन पोचंल."

गाडी कधी पोचेल, असं कुणी विचारलं की नाना एवढंच म्हणायचे, तेही मागं न बघता. विचारणारा पुढाऱ्याचा माणूस असो की कडेवर पोर घेतलेली बाई, उत्तर तेच. मग खांद्यावरच्या टॉवेलनं स्टेअरिंग एकदा गोल पुसायचं, उजव्या पायातली चप्पल काढून सीटखाली सरकवायची आणि चावी फिरवायची. असा अनवाणी ड्रायव्हर तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चप्पल घातली की गाडी काय बोलती ते कळत न्हाई."

मी त्यांचा कंडक्टर. वडवणी-नगर गाडीवर सहा वर्षं आमची जोडी होती. सकाळी वडवणीहून निघायचं, बीड, आष्टी, कडा करत नगर गाठायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत परत. ते मला मास्तर म्हणायचे, सगळेच ड्रायव्हर कंडक्टरला म्हणतात तसं. मी त्यांना नाना म्हणायचो. खरं नाव सांगत नाही. एकदा मी ते नाव एका कागदावर लिहिलं, तेवढं बास झालं.

नानांची नोकरी संपायला आठ महिने राहिले होते. आमच्याकडं ड्रायव्हरच्या शेवटच्या फेरीची एक रीत आहे. गाडीला झेंडूच्या माळा घालतात, घरची माणसं गाडीत बसतात, बायकोला पहिली सीट. स्टँडवर गाडी लागली की बायका ड्रायव्हरला ओवाळतात. तीस वर्षं ज्याच्याकडं कुणी मान वर करून बघितलं नाही, तो माणूस एका संध्याकाळपुरता नवरदेव होतो. नानांची बायको त्यांच्या गाडीत एकदाही बसली नव्हती. वडवणीच्या पुढं शेतातली वस्ती, दोघंच राहायचे, गुरं सोडून बाईला निघणं व्हायचं नाही. नानांनी मनाशी पक्कं केलं होतं. "शेवटच्या दिवशी तिला नगरवरून आनायची. पयल्या शीटवर. वाटंत कुटंच उतरू द्यायची न्हाई."

आडवी आली ती शुगर.

ती दोन वर्षांपासून होती. डेपोत कुणाला ठाऊक नव्हती, मला होती. कशी नसणार? त्यांच्या गोळ्या मीच नगरच्या दुकानातून आणायचो. बीडात घेतल्या तर कुणी ना कुणी बघणार, आणि ड्रायव्हरला शुगर आहे असं वर कळलं की स्टेअरिंग गेलं. नाना खाण्याला जपायचे, गाडी कधी वेडीवाकडी चालली नाही, म्हणून मीही गप्प होतो. मग मेडिकलची तारीख लागली. शनिवार. आणि त्याच आठवड्यात कपिलधारची यात्रा. नगरची फेरी करून आलं की तसंच यात्रेच्या जादा गाडीवर जायचं, सुट्टीचं नावही काढायचं नाही.

सोमवारी सकाळी नानांनी मला मोबाइल दाखवला. निळं पाणी, नारळाची झाडं, एक बोळक्या तोंडाची म्हातारी हसतेय आणि मागून कुणी बाई सांगतेय की या बेटावरची माणसं शंभरी गाठतात, इथं शुगर कुणालाच नाही. धान्य बंद, डाळ बंद, तेल बंद, चहा बंद. बेटावर जे पिकतं तेवढंच खायचं. पाच दिवसांत फरक.

"कावून हसतूस बे?" नाना म्हणाले.

"नाना, आपल्याकडं समुद्र कुठाय?"

"समुद्र खायचा न्हाई. नारळ खायचा."

त्या बेटावरचं मुख्य खाणं मासा. नाना माळकरी. म्हणजे धान्य बेटवाल्यांनी काढून घेतलं आणि मासा माळेनं. उरलं काय, तर खोबरं, पपई आणि उकडलेलं रताळं. माशाच्या जागी काकडी धरायची, हे नानांनी स्वतःच ठरवलं. मी म्हटलं, निदान मूठभर शेंगदाणे घ्या. ते गंभीरपणे म्हणाले, "बेटावर शेंगा न्हाईत. मी इचारून घेतलंय." कुणाला विचारलं ते काही सांगितलं नाही.

आता हॉटेलची गोष्ट सांगतो, म्हणजे या माणसाचा निश्चय तुम्हाला कळेल. कड्याच्या पुढं एका हॉटेलावर आमची गाडी थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टरचं ताट तिथं फुकट असतं आणि त्याबदल्यात गाडी तिथंच थांबते. हे कुठं लिहिलेलं नसतं, पण त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत असतं. ड्रायव्हरनं ताट नाकारलं याचा अर्थ एकच, गाडी उद्यापासून दुसऱ्या हॉटेलावर. सोमवारी नानांनी ताट बाजूला सारून डब्यातून रताळं काढलं. मालक म्हणाला, "भाजी बिघडली का आज?" मंगळवारी त्यानं दही जास्त वाढलं. बुधवारी गल्ला सोडून तो आमच्यासमोर येऊन बसला.

"नाना, सरळ सांगा. पलीकडच्यानं काय कबूल केलंय?"

"कुनी काय कबूल केलं न्हाई. मी बेटावरचं खातोय."

"बेटावरची मान्सं थांबत्यात का आमच्या हाटेलात?" मालकाचा आवाज चढला. "दहा वर्षं तुमाला गरम भाकरी घातली. आमचं काय चुकलं तेवढं सांगा."

नानांना वाईट वाटलं. त्यांनी ताट समोर ओढलं, भाकरी हातात घेतली, तिचा वास घेतला आणि ताट माझ्याकडं सरकवलं. "मास्तर खातो माज्या वाटचं. तुमचा मान राह्यला." त्या आठवड्यात मी रोज दोन ताटं जेवलो. पिठलं, ठेचा, भाकरी, वर ताक. समोर तो माणूस खोबऱ्याचा तुकडा पाच मिनिटं चावत बसायचा आणि मी जेवायचो. लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

बीडच्या स्टँडबाहेर एक फळवाला होता, तरणा पोरगा, नाना त्याच्याकडून पपई घ्यायचे. गुरुवारी त्यानं पपई कागदात गुंडाळता गुंडाळता नानांकडं, त्यांच्या खिशातून डोकावणाऱ्या गोळ्यांच्या पट्टीकडं नीट बघितलं. नानांचे डोळे आत गेले होते. "नाना, शक्कर की गोली लेते ना तुम? फिर भूके नक्को फिरो. हमारे अब्बा ऐसेच गिरे थे."

नाना म्हणाले, "दोनच दिवस राह्यले रे बाबा."

मी तिथंच उभा होतो. ऐकलं. आणि त्याच दुपारी नानांनी एकाऐवजी दोन गोळ्या तोंडात टाकलेल्याही मी बघितल्या. म्हणाले, "शनवारपुरतं." मी म्हणालो, "जपून." एवढंच. त्यांच्या हातातली पट्टी हिसकावून घ्यायला मला कुणी अडवलं नव्हतं. डेपोत फोन करून उद्या यांना गाडी देऊ नका, असं सांगायलाही अडवलं नव्हतं. पण मला उद्याची ड्यूटी, यात्रेची गर्दी, माझंच रडगाणं. माणूस आपल्या शेजारी उपाशी झिजत असतो आणि आपण सुट्ट्या पैशांवरून लोकांशी भांडत असतो. काय सांगायचं.

शुक्रवारी नगरची फेरी नव्हती, दिवसभर जादा गाडीच होती. दुपारी कपिलधारहून बीडला येत होतो. गाडी खचाखच. दारातसुद्धा माणसं. घाटाच्या अलीकडं गाडी हळू झाली. मी मागं तिकिटं फाडत होतो, मान वर केली तर गाडी अगदी व्यवस्थित डाव्या अंगाला येऊन थांबली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. मी गर्दी सारत पुढं गेलो. नानांचं डोकं स्टेअरिंगवर टेकलेलं होतं. अंगातला खाकी शर्ट घामानं काळा झाला होता आणि ते काहीतरी बोबडं बोलत होते.

"प्यालाय," मागून कुणीतरी म्हणालं. लगेच दहा तोंडांनी तेच म्हटलं. एका गॉगलवाल्यानं मोबाइल काढला.

एका म्हातारीच्या पिशवीत यात्रेच्या रेवड्या होत्या. नानांची साखर एकदम उतरलीय हे ओळखून मी मूठभर घेतल्या आणि त्यांच्या तोंडात कोंबायला लागलो. त्यांनी तोंड फिरवलं. ओठ घट्ट मिटले. डोळे अर्धे उघडून म्हणाले, "नको, मास्तर. उद्या मेडिकल हाय." मी एका हातानं त्यांचा जबडा धरला आणि दुसऱ्यानं रेवड्या आत ढकलल्या. ते रडत होते की घाम होता, मला कळलं नाही. साठ-सत्तर माणसं त्या गाडीत होती. एकालाही खरचटलं नाही. शुद्ध जाता जाता त्या माणसानं गाडी बाजूला घेऊन उभी केली होती. पण मोबाइलवर फिरलं ते वेगळंच. यात्रेच्या गाडीचा ड्रायव्हर टाइट. माळकरी माणूस, आयुष्यात दारूला शिवला नाही.

दारूची तपासणी झाली, काही निघालं नाही. शनिवारचं मेडिकल पुढं गेलं आणि चौकशी लागली. जबाब द्यायला जायच्या आधी नानांनी मला वर्कशॉपच्या मागं गाठलं.

"मास्तर, ब्रेकचं एअर उतरलं म्हन. म्हनून गाडी थांबवली म्हन. घामाचं काय, ऊन व्हतं."

"नाना, लोकांनी बघितलंय."

"आठ महिने हायत रे. मी भाकरी चालू केलीया. आता काय व्हायचं न्हाई मला. तिला एकदा बसवतो अन् सोडतो." त्यांनी माझा हात धरला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा.

आत गेलो. साहेबांनी कागद पुढं केला. मी सगळं खरं लिहिलं. शुगर, गोळ्या, पाच दिवसांचं खोबरं-पपई, मोबाइलवरचं बेट, सगळं. पुन्हा कधी अशी वेळ आली आणि गाडी घाटात असली तर? हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं, अजूनही सांगतो, आणि ते खोटं नाही. मग साहेबांनी विचारलं, "त्यांना शुगर आहे, हे तुम्हाला आधी माहीत होतं का?"

माहीत होतं म्हटलं असतं तर मीही घरी बसलो असतो. मी लिहिलं, मला कल्पना नव्हती. आणि खाली सही केली.

स्टेअरिंग गेलं. नानांना बीड डेपोच्या गेटवर बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. तेवढ्यावरही भागलं नाही. माझा जबाब कुणीतरी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवला आणि डेपोभर हसू झालं. वर्कशॉपमधली कालची पोरं येता-जाता म्हणायची, "काय बे बेट, भरती आली का?" बापाच्या वयाच्या माणसाला. नाना मान खाली घालून नंबर लिहीत राहायचे. मी कुणाला दटावलं नाही. माझ्याच कागदातलं होतं ना सगळं.

माझ्याशी ते एकदाच बोलले. मी गाडी घेऊन गेटवर थांबलो होतो. त्यांनी नंबर लिहिला, पेनाचं टोपण लावलं आणि शांतपणे म्हणाले, "माजं खरं लिव्हलंस, बरं केलंस मास्तर. तुजं बी लिव्हायचं व्हतं." मी घंटी मारली. दुसरं काय करणार होतो?

थोड्या वेळानं पुढच्या चौकात मला आठवलं की मी त्यांना तब्येत कशी आहे, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

घरी त्यांनी सांगितलं नव्हतं. हे मला त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी कळलं. रोज सकाळी खाकी घालून, टॉवेल खांद्यावर टाकून ते वस्तीवरून निघत होते आणि संध्याकाळी सहाच्या गाडीनं प्रवासी म्हणून वडवणीला उतरून घरी जात होते. आठ महिने. डेपोत त्या दुपारी काही झालं नाही. हार नाही, भाषण नाही. मी नगरहून आलो, पाचला वडवणीच्या स्टँडवर गाडी लागली. नवा ड्रायव्हर खाली उतरून पाणी प्यायला गेला.

फलाटावर एक बाई उभी होती. नवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात ताट. ताटात हळद-कुंकू, सुपारी, वाऱ्यानं विझू नये म्हणून पदराआड धरलेलं निरांजन. काखेतल्या पिशवीतून झेंडूची माळ बाहेर डोकावत होती. तिनं ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडं बघितलं, गाडीच्या पाटीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं आली.

"मास्तर ना तुमी? ह्येंच्याकडून लई ऐकलंय तुमचं," ती म्हणाली. "हे नगोच म्हनत व्हते. गर्दी असती, यिऊ नगो म्हनले. पन मी म्हनलं, आजच्या दिवशी तर जावं. कुटं हायत?"

मी तिला काय सांगायला हवं होतं, ते मला माहीत होतं. तिला बाकावर बसवून, शेजारी बसून, सगळं पहिल्यापासून सांगायला हवं होतं, माझ्या सहीसकट.

"मागच्या गाडीनं येतेत, काकू," मी म्हणालो.

"सहाच्या?"

"हा, सहाच्या."

"मंग हाय अजून येळ," ती म्हणाली. तिनं पिशवीतून माळ बाहेर काढली, हातावर झटकून सरळ केली आणि मला विचारलं, "ही गाडीला कुटं बांधत्यात, मास्तर? म्होरं, का आरशाला?"

"म्होरं," मी म्हणालो.