तिसरी सायलेन्स

अल्मा फिस्क आमच्या कनेक्टिकटमधल्या गावच्या शाळेत स्वयंपाक करायची. अर्धं गाव तिच्या हातचं खाऊन वाढलं. हृदय कुरकुरायला लागलं तसा तिने एकच हट्ट धरला: पुरायचं ते टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत, आपल्या माणसांत. तिथे नियम असा, की आत निजलेल्या कुणाचा तरी वंशज असल्याचं दाखवायचं.

अल्माची पूर्वज सायलेन्स, इंग्लंडच्या राजाचा अंमल होता तेव्हाची. सायलेन्स म्हणजे मौन. तेव्हा लेकींना असली नावं ठेवत. लग्न होऊन ती नदीपलीकडे गेली, तिला सात मुलं झाली आणि ती तिकडेच मेली. ती टेकडीवरच्या व्हीलॉकांची लेक, असं अल्माच्या घरात सांगत आलेले.

दफनभूमीचा कारभार बघणारा ऑरिन पेक आमच्याच वर्गातला. त्याने एक बुटका दगड दाखवला. ‘सायलेन्स व्हीलॉक, वय वर्षे दोन.’

“काय गं अल्मा, दोन वर्षांच्या पोरीला सात मुलं झाली होय?”

“हस मेल्या. पण कवळी सांभाळ.”

घरी आल्यावर मात्र तिने मला विचारलं, “मग मी कुणाची गं?”

माझा जन्म नाटकात गेला; रंगमंचावर हा प्रश्न मी टाळ्यांसाठी कितीदा विचारला असेल. तिने तो नुसताच विचारला.

सकाळी मी माझा मेकअपचा आरसा घेऊन तिला पुन्हा टेकडीवर नेलं. झिजलेल्या अक्षरांवर समोरून उजेड पडला की ती बुजतात. उजेड बाजूने टाकावा लागतो. आमच्या धंद्यात एवढं तरी शिकायला मिळतं. बुटक्या दगडाशेजारी आणखी एक होता, हाताएवढा. आरशाचा कवडसा त्यावर फिरला आणि पुन्हा तेच नाव उमटलं. सायलेन्स.

अल्माने माझा दंड घट्ट धरला.

त्यांच्या आईचा दगड खाली खचला होता. अल्माने घरून आणलेल्या स्वयंपाकाच्या डावाने माती उकरली. तळाची ओळ वर आली: ‘कुशीशी दोन सायलेन्स, तिसरी शोक करते.’

गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला द्यायची तेव्हाची रीत आम्ही साफ विसरलो होतो.

“म्हणजे माझी सायलेन्स दर रविवारी आपल्याच नावाच्या दोन दगडांवरून प्रार्थनेला जायची,” अल्मा हळूच म्हणाली. “आणि आई हाक मारायची ती नेमकी कुणाला गं?”

वारा पडला होता. पाठीमागे वळून बघायचा मला धीर झाला नाही.

ऑरिनने ती ओळ वाचली आणि टोपी काढली. “निवड बाई जागा. मेपलखाली छान आहे.”

“नको. या दोघींच्या पायाशी.”

“अगं, तिथे उतार आहे, पाणी मुरतं.”

“मुरू दे. त्यांचं नाव तिसरीने पुढे नेलं म्हणून मी आहे. त्यांना कोण हाक मारणार?”

ऐन थंडीत अल्मा गेली. बर्फ वितळून जमीन मोकळी झाल्यावर आम्ही तिला तिथेच पुरलं. पाद्रींची प्रार्थना संपली तेव्हा मी पुढे झाले आणि तिचं नाव घेतलं, नाट्यगृहाच्या सज्जातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. मग उरलेल्या दोघींना हाक मारली. नाव एकच होतं. मध्ये श्वास घेऊन दोनदा मारली.