उजव्या चाकाचा डावा कॅलिपर

लग्नानंतर चौदा वर्षांनी मी भायांशी पहिलं वाक्य बोलले, आणि ते ब्रेकविषयी होतं.

भाया म्हणजे आमच्या ह्यांचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर पदर घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सांगायचंच झालं तर मी म्हशीला सांगायची. "म्हशे, ताट वाढलंय गं!" मग भाया जेवायला येत. (म्हैस कधीच आली नाही. शहाणी होती.)

आमची जुनी व्हॅन आष्टी ते परतूर सवाऱ्या नेत असे. भाचीच्या लग्नाला दोन दिवस राहिले आणि पुढच्या एका चाकाचा कॅलिपर जाम झाला. कॅलिपर म्हणजे चाकाची थाळी चिमट्यासारखी धरून गाडी थांबवणारा लोखंडी भाग. त्यानं थाळी धरली ती सोडीचना! चाक एवढं तापलं, की वर भाकरी भाजली असती. भाया शेतात होते. हे नवा कॅलिपर आणायला जालन्याला निघाले.

"कोणतं चाक तापलं गं?" ह्यांनी जाताना विचारलं.

मी व्हॅनच्या तोंडासमोर उभी होते. चाक माझ्या डाव्या हाताला होतं.

"डावं," मी म्हणाले. अगदी ठामपणे!

लग्नाच्या दिवशी सगळं घर सकाळच्या एसटीनं नवरीच्या गावी, जांबला गेलं. येताना पाहुणे आणायचे म्हणून भाया व्हॅनसाठी थांबले, आणि त्यांच्या भाकरीसाठी मी. मुहूर्त साडेबाराचा, दुसरी एसटी दुपारची. आणि भाया थोरले मामा! ते नवरीच्या मागं उभे राहिल्याशिवाय अक्षता पडणार कशा?

नऊ वाजता भायांनी आदल्या रात्री आलेला नवा कॅलिपर चढवला. बोल्ट बराबर बसले. आता ब्रेकच्या तेलातली हवा काढायची, नाहीतर ब्रेक लागत नाही. त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं चाकापाशी बारीक तोटी उघडायची. भायांनी इकडंतिकडं पाहिलं आणि म्हशीला विचारलं, "गाडीत बसून कुनी पाय दाबीन का?"

मी पदर सावरून ड्रायव्हरच्या जागेवर बसले.

"दाबलं का?" चाकाआडून आवाज आला.

मी गप्प.

"आवं, दाबलं का न्हाई?"

म्हैसही गप्प! मग मी हॉर्न वाजवला. एकदा म्हणजे दाबलं, दोनदा म्हणजे सोडलं. भायांना लगेच कळलं. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

पण आमच्या गल्लीत हॉर्न म्हणजे व्हॅन सुटली! शेजारची पारूमावशी पिशवी घेऊन पळत आली आणि मागच्या दारानं आत. तिच्यामागं दोन गडी, एक मिरच्यांचं पोतं. जॅकवरची व्हॅन डुलायला लागली.

"उतरा! जल्दी उतरा!" भाया ओरडले. "मी खाली हाये!"

"मंग हॉर्न कशाला मारून राह्यले?" मावशी म्हणाली. "मी चूल इझवून आले ना!"

गडी पोतं घेऊन गेले. मावशी मात्र उतरून आमच्या घराच्या दारात ठाण मांडून बसली. मी दाबतेय, सोडतेय, पण ब्रेक आपला लोण्यात पाय घातल्यासारखा मऊ. अकरा वाजले. भायांनी घाम पुसला, घड्याळाकडं बघितलं आणि पुन्हा वाकले.

पाय मोकळा करायला मी खाली उतरले. जुना कॅलिपर तिथंच पडला होता. तो चाकावर होता तेव्हा तोटी वर असायची. नव्याची खाली! हवा तर वर जाणार. ती खालच्या तोटीतून कशी निघेल? आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसले तेव्हा हे चाक माझ्या उजव्या हाताला होतं की!

मी मावशीकडं वळले.

"मावशी, भायांना सांगा ना..."

"तूच सांग बाई, मला त्यातलं काय कळतंय?"

मी गोठ्याकडं पाहिलं. म्हशीनं तोंड फिरवलं. मग मी डोळे मिटले आणि ओरडले, "भाया, हा डाव्या चाकाचा हाये! तोटी खाली गेली!"

पाना खाली पडला.

"आगं बया, बोलती की ही!" मावशी म्हणाली.

"डावं कुनी सांगितलं?" भायांनी विचारलं. थेट मला!

"मी."

भायांनी पाना उचलला. मग म्हणाले, "खोलून तोटी वर धरतो. पन थाळीच्या जागी मधी फळी पायजे, बोटभर जाड, न्हाईतर चिमटा मिटून जाईल."

मी घरात पळाले आणि हळद-तिखटाच्या मिसळणाच्या लाकडी डब्याचं झाकण आणलं. ते बिलकुल नेमकं बसलं! "दाबलं!", "सोडलं!" मी आता गल्लीभर ऐकू जाईल एवढ्यानं ओरडत होते. चौदा वर्षांचं साठलेलं होतं. आणि ब्रेक दगडासारखा घट्ट झाला. भायांनी कॅलिपर परत चढवला आणि आम्ही सुटलो.

परतूरच्या बाजाराला निघालेली मावशीही लग्नाला आली. अंतरपाट धरायला आणि आम्ही पोचायला एकच गाठ पडली. भाया तसेच नवरीमागं उभे राहिले. हात कोपरापर्यंत काळे, त्यावर झाकणाची हळद. नवरीपेक्षा मामालाच जास्त लागली होती!

पंगतीत मी खाली मान घालून बसले. सकाळभराचं बोलणं तिथं कुठं गेलं, कुणास ठाऊक. वाढपी पानावर भात घालीतच सुटला. माझ्या तोंडातून काही 'बस' निघेना. मी आपला उजवा पाय जमिनीवर गच्च दाबून धरला.

वाढपी काही थांबला नाही!