खळ्यात बांधलेली होडी

आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चार वर्षं एक होडी उभी होती, आणि त्या चार वर्षांत माझ्या घशाखाली एक घास सुखाने उतरला नाही.

मी सावंतवाडीची. आमच्याकडे पाणी म्हणजे गावातलं तळं. संध्याकाळी त्याच्या काठाने फिरायचं आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं, एवढाच त्याच्याशी संबंध. लग्न होऊन जामसंड्याला आले तेव्हा पावसाळ्यात समुद्राची गाज ऐकून मी कानावर उशी दाबून झोपायचे. नवरा हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर. म्हटलं, बरं झालं, रंगपेटी घेऊन बसणारा माणूस, हा कशाला पाण्याच्या वाटेला जातोय!

ऐंशी साल उलटल्यावर देवगडच्या बंदरात एक परदेशी शिडाची होडी पाणी भरायला थांबली. हे बघायला गेले, तर त्या लोकांनी यांना आत बोलावलं. आत निजायला फळी, स्टोव्ह, पुस्तकांचं कपाटसुद्धा. नवरा-बायको दोघंच त्यात बसून जग फिरत होती म्हणे. हे घरी आले ते मुके होऊनच. पुढच्या रविवारी ड्रॉइंगचे मोठे कागद पसरून होडी काढायला बसले आणि मी मनात म्हटलं, मेले.

होडी बांधायची आणि दिवाळीच्या सुट्टीत एकट्याने किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीनपर्यंत जायचं, असा बेत होता. यांना पोहता येत होतं ते विहिरीत.

मी तावातावाने उठले, तर सासूबाईंनी स्वयंपाकघरात माझा दंड धरला. माझे सासरे मचव्यावर, मालाच्या शिडाच्या गलबतावर, तांडेल म्हणजे खलाशांचे म्होरके होते. कौलं भरून मुंबईला निघाले ते आलेच नाहीत. हे तेव्हा पाळण्यात होते. त्या घरात समुद्राबद्दल कुणी बोलायचं नाही. सासूबाई हळूच म्हणाल्या, "तेका आडवू नको गो. दर्यार जाणाऱ्याक आडवूचा नाय. आडावलेलो माणूस परतान येना नाय."

निघालेल्या माणसाला कुठे जातोस म्हणून विचारू नये, हे मलाही माहीत होतं. पण हे अडवू नये प्रकरण मी पहिल्यांदा ऐकलं. मी शिकलेली, असल्या गोष्टींवर हसणारी. पण जिचा नवरा गेला तिने सांगितल्यावर हसणार कशी? समजा मी नको म्हटलं, हे तरीही गेले, आणि आले नाहीत तर? ह्या विचाराने माझं तोंडच बंद झालं.

मग भीती दुसरीकडून बाहेर पडायची. फणसाच्या फळ्या आल्या, की मी विचारायचे, "ओल्या नाहीत ना हो?" खिळे ठोकायला लागले, की "नीट बसला का? बघा पुन्हा." "शिडाचा दोर अजून जाड नको?" हे खूश व्हायचे आणि जाड दोर आणायचे. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस मीच ठासला, बोटं सोलवटेपर्यंत. बुडणार तर बुडणार, निदान माझ्या हाताने ठासलेल्या जागी तरी पाणी शिरू नये. आणि वाटेवरून जाणारा येणारा विचारायचा, "मास्तरानू, कधी सोडतास?" हे हसून म्हणायचे, "ह्या वर्सा."

होडी पाण्यात ताठ राहावी म्हणून तिच्या तळाशी वजन लागतं. त्या परदेशी होडीला लोखंड होतं. आम्ही लोखंड कुठून आणणार? यांनी जांभ्या दगडाचे तुकडे आणले आणि आमच्याकडे कुंपणाला गडगा घालतात तसे रचले. चुना नाही, सिमेंट नाही, दगडात दगड चपखल बसवलेला. "आजोबांनी घातलेलो गडगो बघ, अजून हलाक नाय," हे म्हणाले. गोष्ट खरी होती. परसातला गडगा किती पावसाळे खाऊन उभा होता. त्याच्याखालची जमीन कलत नाही, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

नारळी पुनवेला समुद्राला नारळ वाहून झाला, पाऊस ओसरला, आणि गावकऱ्यांनी ओढत ओढत होडी खाडीवर नेली. एका रविवारी हे तिला फिरवून बघणार होते. मी पदर खोचला आणि यांच्याबरोबर होडीत जाऊन बसले. काठावर उभं राहून बघणं माझ्याच्याने झालं नसतं.

खाडीत सगळं छान चाललं होतं. मलाही क्षणभर वाटलं, उगाच घाबरत होते. बंदराच्या तोंडाशी डोंगराचा आडोसा संपला आणि वारा एकदम शिडावर आला. होडी कलली. पायाखाली धडाधड आवाज झाला, पावसात गडगा कोसळतो तसाच. सगळे दगड एका अंगाला गेले आणि होडी कलली ती उठेचना. पाणी काठावरून आत यायला लागलं, माझ्या मांडीपर्यंत. मी ओरडले, "अहो, दोर सोडा!" हे सुकाणू धरून बसले होते. तोंड उघडं, चेहरा पांढरा फटक. हलेनात. मी घसरत गेले आणि तो जाड दोर, माझ्याच सांगण्यावरून आणलेला, खुंटीवरून दोन्ही हातांनी उपसून काढला. शीड फडफडलं, होडी अर्धी वर आली. मग मी आत पाण्यात बसून एकेक दगड उचलून दुसऱ्या अंगाला ढकलत राहिले. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही. तशाच तिरक्या होडीत आम्ही धक्क्याला लागलो.

धक्क्यावर लोक जमले होते. हे खाली उतरले आणि म्हणाले, "झकास! दगड तेवढे सिमेंटात बसवतंय. दिवाळेक निघतलंय."

आम्ही ओल्या कपड्यांनी घरी आलो. हे विहिरीवर हातपाय धुवायला गेले. सासूबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. यांनी कळशी उचलली, ती निसटून आपटली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. मी सासूबाईंकडे बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "जाऊ नका."

हे विहिरीच्या काठावर मटकन बसले आणि रडायलाच लागले. "मगे इतक्या वर्सांत एकदाय कित्याक सांगूक नाय गो? मी काय कमी भियालंय? तू रोज इचारी हुतंस, दोर जाड नको काय, खिळो बसलो काय. माका वाटला, तुझ्याच मनात आसा. आता गाव काय म्हणात, तू काय म्हणशीत, म्हणान ठोकीत रवलंय."

मला असा संताप आला की ती कळशी उचलून यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. आणि त्याच वेळी माझाही बांध फुटला.

"तिका बोलू नको," सासूबाई पायरीवरून म्हणाल्या. "मियाच तिका सांगितलंय, आडवू नको म्हणान." मग म्हणाल्या, "तुझ्या बापाशीक मिया आडावलंय होता. हयच, पायरेर आडवी उभी रवलंय. ते हसले, माका बाजूक सारून गेले."

इतकी वर्षं ही बाई आपल्यामुळे नवरा बुडाला असं समजत आली होती, आणि कुणाला ते माहीत नव्हतं. हे उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. "मी खंय जाणंय नाय, आये," म्हणाले.

मी यांना अडवलं होतं, ते सासूबाईंनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. त्यांनी लेकाचं मनगट दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि दिवेलागण झाली तरी सोडलं नाही.