खडीची वाट आणि आम्ही चौघं

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. सायकलच्या चेनला तेल असलं की धूळ जशी आपोआप चिकटते, तसे ते चिकटत जातात. नॉटिंगहॅमला आमच्याकडे दिवाळीचं जेवण झालं की कुणीतरी म्हणतंच, "शरयू, तुमच्या त्या सायकलींचं सांग ना." मी गमतीचं सांगायला बसते. गमतीचं लवकर संपतं आणि मग हे उरतं.

साठ-सत्तरच्या दशकात आम्ही चौघं रविवारी सायकली घेऊन डर्बीशायरच्या डोंगरांत जायचो. डांबरी रस्ता शक्यतो टाळायचा. खडीच्या वाटा, मेंढपाळांच्या वाटा, बंद पडलेल्या खाणींचे रस्ते. मी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते आणि माझा नवरा विनायक तिथेच अ‍ॅनेस्थेटिस्ट. कॉलेजपासूनची ओळख, त्यामुळे आमचं अरे-तुरे. तिसरा बेनी, अलिबागकडचा मराठी ज्यू, ब्रिस्टलला विमानाच्या कारखान्यात काही वर्षं काढून इकडे आलेला इंजिनियर. तो धर्माप्रमाणे शनिवार पाळायचा, सायकलला हात लावायचा नाही, म्हणून आमचा रविवार. आणि आमच्यात वडीलधारे डॉक्टर साने, सर्जन, मूळचे साताऱ्याचे.

पहिला किस्सा बेनीच्या हातमोज्याचा.

एकदा आम्ही वाट चुकलो. दगडी कुंपणाशी एक म्हातारा मेंढपाळ उभा होता, त्याला विचारलं. त्याने नीट समजावून सांगितलं, की ओढ्यापर्यंत जा, तिथे लाल लोखंडी फाटक लागेल, ते उघडा, आणि गेल्यावर आठवणीने लावून घ्या, नाहीतर मेंढ्या बाहेर पडतात. अगदी तसंच फाटक लागलं. बेनीने उघडलं, आम्ही गेलो, बेनीने लावलं. रंग ओला होता, त्याचा हातमोजा लालभडक झाला.

गावातल्या पबमध्ये चहा घेताना आम्ही मालकाला सांगितलं, की त्या लाल फाटकाने आलो. तो म्हणाला, तिथे फाटक नाही. युद्धात लोखंड हवं होतं तेव्हाच काढून नेलं. बेनीने हातमोजा टेबलावर ठेवला. मालकाने तो पाहिला, आत गेला आणि टर्पेंटाइनची बाटली घेऊन आला.

"याने निघेल," तो म्हणाला. "बाकीच्यांचा निघाला होता."

धुक्याचा किस्सा सांगताना विनायक अजून खोलीतून उठून जातो.

उघड्या माळावर भरदुपारी धुकं उतरलं. पुढच्याचं मागचं चाकसुद्धा दिसेना. बेनीने युक्ती काढली. रांगेत हळूहळू चालवायचं, आणि एकामागून एक घंटी वाजवायची, म्हणजे कुणी हरवणार नाही. आधी बेनी, मग विनायक, मग मी, शेवटी डॉक्टर. थोडा वेळ ठीक चाललं. मग डॉक्टरांच्या घंटीनंतर त्यांच्याही मागून आणखी एक वाजली, बारीकशी. डॉक्टर म्हणाले, इको असेल, पलीकडे कडा असणार. आम्हाला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं.

पुढच्या फेरीला कुणी घंटी वाजवायच्या आधीच ती बारीक घंटी वाजली. या वेळी समोरून.

आम्ही चौघंही थांबलो. धुक्यातून बेनीचा शांत आवाज आला, "इको आधी येतो का हो, डॉक्टर?"

आम्ही खाली बसून राहिलो. धुकं विरळ झालं तेव्हा दिसलं, की बेनीच्या पुढच्या चाकापासून थोड्याच अंतरावर वाट तुटली होती आणि खाली दगडाची जुनी खाण होती. ती घंटी आम्हाला बोलावत होती की थांबवत होती, यावर आमच्यात अजून दोन तट आहेत.

विनायकची सायकल हा वेगळाच प्रकार.

त्याने एका दुकानातून जुनी सायकल घेतली होती. चांगली दणकट होती, पण एका तिठ्यावर ती हटकून डावीकडे ओढायची. बेनीने हँडल तपासलं, चाकं सरळ केली, सगळं ठाकठीक होतं. बाकी कुठेही ती सरळ जायची. एकदा आम्ही कुणी बरोबर नसताना विनायक एकटाच गेला आणि त्याने ठरवलं, की जाऊ दे तिला हवं तिकडे.

संध्याकाळी तो बसने घरी आला. मी विचारलं, सायकल कुठे आहे? त्याने बूट काढले आणि सांगितलं, की डावीकडची ती वाट उतरत उतरत एका एकट्या घराशी गेली. तो थांबायच्या आत एक बाई दार उघडून बाहेर आली. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याच्या हातातून सायकल घेतली, सीटवरून हात फिरवला, मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवली, आत गेली आणि दार लावलं.

"अरे, मग मागायची ना परत!" मी म्हणाले.

"कशी मागणार?" विनायक म्हणाला. "तिच्याच घरची होती."

नंतर एका उन्हाळ्यात पाऊसच पडला नाही. बागेला पाणी घालायची बंदी आली, आणि डोंगरातल्या एका तलावाचं पाणी इतकं खाली गेलं की धरणात बुडालेल्या गावाचा रस्ता वर आला. आम्ही तो पाहायला गेलो. घरांची जोती, पुलाचा कठडा, आणि मधून गाळाने भरलेला रस्ता, थेट पाण्यात उतरणारा.

त्या गाळात सायकलच्या चाकाची खूण होती. ताजी, कडा अजून ओल्या. आमच्याआधी कुणीतरी आलं होतं. आम्ही त्या खुणेच्या कडेने चालत गेलो. ती डावी-उजवीकडे कुठेही वळली नाही. पाण्यापाशी आली आणि आत गेली. परतीची खूण नव्हती, पावलंही नव्हती.

मला भीती वाटली ती साधी, कुणी बुडालं असेल याची. आम्ही धावतपळत वर आलो. पाणी खात्याचा एक माणूस व्हॅनपाशी सँडविच खात बसला होता. त्याला सगळं सांगितलं, म्हटलं, पोलिसांना बोलवा. त्याने शांतपणे एकच विचारलं, खूण आत जाणारी होती की बाहेर येणारी?

आत जाणारी, मी सांगितलं.

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि सँडविच संपवू लागला.

राहिला तो बोगदा.

डॉक्टर साने शेवटपर्यंत नॉटिंगहॅममध्येच राहिले. हवा मानवली म्हणून राहिले, असं लोक सांगतात. खरं म्हणजे त्यांच्या पत्नी मालतीबाई गेल्या, त्यानंतरच्या वसंतात त्यांनी सगळं आवरून साताऱ्याला परत जायचं ठरवलं होतं. कुणाला बोलले नव्हते. आम्हाला ते त्या दिवशी कळलं.

रेल्वेची एक लाइन बंद झाली होती. रूळ उचलून नेले होते, खडी तशीच होती. त्या खडीवरून आम्ही निघालो आणि मध्ये लांबलचक बोगदा लागला. आत मिट्ट काळोख, टॉर्च एकच, पुढे बेनीकडे, म्हणून सगळे उतरून सायकली हातात धरून चालू लागलो. मला अंधाराची भीती, त्यामुळे मी बेनी आणि विनायकच्या अगदी पाठीला चिकटून होते. डॉक्टर सावकाश येत होते.

आम्ही तिघं बाहेर पडलो, उन्हात गवतावर बसलो, डबे उघडले. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. बोलतच होते, मान थोडी मागे वळवून. समोर मला बसलेलं पाहून ते जागीच थांबले.

"शरयू, तू इथे कधी आलीस?"

मी म्हटलं, मी केव्हाची इथेच बसले आहे.

डॉक्टरांनी सायकल कठड्याला टेकवली. हळूहळू सांगितलं. बोगद्यात मागून खडीवर पावलं वाजत होती. त्यांना वाटलं मी मागे राहिले. अंधारात तोंड दिसत नाही म्हणून त्यांना बोलावंसं वाटलं. घर विकायचं ठरवलंय, इथे आता कोण आहे माझं, असं सगळं ते सांगत गेले. आणि मागून कुणीतरी हुंकार देत होतं. हं. हं. ते अडखळले की हळूच, "मग?"

बेनी टॉर्च घेऊन बोगद्यात बराच आत जाऊन आला. येऊन खाली बसला, म्हणाला कुणी नाही.

विनायकने विचारलं, शेवटी काही बोलणं झालं का?

"हो," डॉक्टर म्हणाले. "उजेड दिसायला लागला तेव्हा. म्हणाली, 'तुम्ही पुढे व्हा, मी आलेच.'"

आम्ही खाल्लं की नाही, आठवत नाही. ऊन उतरू लागलं, वारा सुटला. मी डबे बांधले आणि म्हणाले, डॉक्टर, निघू या ना आता.

डॉक्टर बोगद्याकडे तोंड करून उभे होते.

"थांबू या जरा," ते म्हणाले. "येते म्हणाली आहे."