साडूचं इंजिन आणि माझं नख

साडू आणि मी एकाच दसऱ्याला, एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या मोटरसायकली घेतल्या. राहतोही पुंडलिकनगरात एकाच गल्लीत. सात वर्षं झाली, तरी त्याच्या गाडीचा आवाज शिवणयंत्रासारखा. माझी मात्र मागून निळा धूर सोडायची आणि वर ऑईल प्यायची.

दुकानात दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या. डावीला त्यानं आधी हात लावला. चांगला माल तिकडं गेला, हे मी बायकोला सात वर्षं ऐकवत होतो. शेवटी ती म्हणाली, "अहो, माझी बहीणही त्यांनीच आधी पसंत केली होती. तिथंही चांगला माल गेला का?"

यावर बोलणं धोक्याचं, म्हणून मी गाडी घेऊन शहागंजला मेकॅनिकचाचांकडं गेलो. इंजिनचा माल मुळातच खराब होता, एवढं त्यांनी म्हणावं आणि मी ते साडूच्या तोंडावर सांगावं, एवढीच इच्छा.

चाचांनी इंजिन खोललं, सिलिंडर पुसून माझ्या हातात दिला. "आतून नख फिरवा."

नख अडकलं. आरशासारख्या भिंतीवर उभे ओरखडे होते.

"माल खराब ना, चाचा?"

"माल को कायको बोलते साब? सकाळी गाडी चालू केली की लगेच रेस देता का?"

"देतो."

"रातभर ऑईल खाली बसतं. वर चढायला थोडा वेळ लागतो. तोवर लोखंडावर लोखंड घासतं. इतनी जल्दी किस बात की?"

काय सांगणार? साडू सकाळी गाडी चालू करून निवांत रुमाल बांधतो. तेवढ्यात त्याच्या आधी गल्लीबाहेर पडायचं, तेही सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल असं, हा माझा सात वर्षांचा नेम. चाचांना म्हणालो, "ऑफिस लांब आहे."

आता सिलिंडर आतून घासून नवा बोअर केलाय. महिनाभर चाळीसच्या पुढं जायचं नाही, ही चाचांची ताकीद. रोज साडू मागून येतो, शेजारून विचारतो, "काय साडूभाऊ, चालवायलाव का ढकलायलाव?" आणि पुढं निघून जातो. माझी मूठ आपोआप पिळायला लागते. मी आवरतो.

चूक कुणाची, ते मला कळलंय. तरी एकदा त्याचंही इंजिन खोलावं आणि आतून नख फिरवून बघावं, असं लई वाटतं.