हद्दीपलीकडचं बाळंतपण

मास्तरीणबाईंना आधी हात जोडते, मग झालं ते सांगते. गिरणीच्या चाळीत त्या बायकांना लिहायला शिकवायच्या. माझी शाळा तिसरीतच सुटलेली, तीही तेलुगू. हे मराठी अक्षर त्यांनीच शिकवलेलं.

मी सोलापुरात गिरणीत सुताच्या कांड्या भरायची. बाळंतिणीला गिरणीनं रजेचा पगार द्यावा, असा कायदा नुकताच झाला होता. पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी निजामाच्या मुलखात आईकडे गेले. लेक झाली. परत आले तर कारकून म्हणाला, "मूल मोगलाईत, निजामाच्या हद्दीत झालं. आमचा कायदा तिथं चालत नाही. तिथल्या पाटलाचा दाखला आण."

नवरा तिकडं गेला. पाटील म्हणाला, "दिलेली लेक सासरची. तिच्या पोराची नोंद तिकडंच करा." एवढं ऐकायलाही आधी नजराणा ठेवावा लागला. सोलापूरची म्युनिसिपालटी म्हणाली, मूल इथं झालंच नाही. पोर मांडीवर किंचाळतेय आणि दोन्ही सरकारांच्या लेखी ती जन्मलीच नाही.

पगार नाही तर लगेच कामावर जायचं, आणि तान्हीला अफू चाटवून निजवायचं. खात्यातल्या कितीजणी तेच करायच्या. शेजारीण तर गोळी घेऊनच आली. "लई गुमान पडतंय लेकरू," म्हणाली. मी ती पदराच्या गाठीत बांधून ठेवली.

मास्तरीणबाई मला घेऊन गिरणीत गेल्या. कारकुनानं पुन्हा तेच पुराण लावलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"भाऊसाहेब, तुमची लेक अक्कलकोट संस्थानात दिलीय ना? बाळंतपणाला कुठं होती?"

"कुठं म्हणजे? इथंच, माझ्या घरी."

"मग नातू इंग्रज सरकारचा झाला म्हणायचा."

"काहीतरीच काय बाई. अक्कलकोटचाच की तो."

"आणि हिची लेक?"

कारकुनानं टाक दौतीत ठेवला. मग म्हणाला, "साहेबांना विचारतो."

त्या विचारण्यापायीही किती खेटे घालायला लावले. दर वेळी बाई शाळा सुटल्यावर उन्हातून यायच्या. अखेर पगार मंजूर झाला. मी शेजारणीची गोळी तिला परत नेऊन दिली.

येताना बाईंना विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?"

"वैरागला होतं. आता तिथं कुणी उरलं नाही."

एक दिवस त्यांना मी माझ्या घरी माहेरपणाला आणीन. आमच्या हातचं चालतं का, तेही विचारून ठेवलंय; चालतं म्हणाल्या. चार दिवस त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देणार नाही.