पटाच्या दुसऱ्या दिवशीची फायनल

फायनलच्या दिवशी दयारामचा गळा बसला. थोडाथोडका नाही, पार. तोंड उघडलं की नुसती हवा.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी चिखल्याच्या मँगनीज खाणीत वेल्फेअर ऑफिसर होतो. म्हणजे जे काम कुणालाच नको, ते माझ्या टेबलावर. कबड्डीची टीमही अशीच माझ्या गळ्यात पडली. दिवाळी झाली की सीझन सुरू. पोरं सकाळी खाली खाणीत, संध्याकाळी ग्राउंडवर, रविवारी ट्रकमध्ये बसून कुठल्या तरी गावी मॅचला. अंग त्यांचं दुखायचं, डोकं माझं.

दयाराम आमचा मुख्य चढाईपटू. नोकरीत मात्र बदली कामगार. कुणी गैरहजर राहिला तरच त्याला काम. मॅनेजरसाहेबांनी शब्द दिला होता, "फायनल जिंका, दयारामला परमनंट करतो." अख्खा सीझन तो त्या एका शब्दावर पळाला होता.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"गावात पट होता जी," तो कुजबुजला. "रातभर नाटक. वन्समोर येऊन राहिले होते, मंग गावंच लागते."

आमच्या भागात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती असल्या की रात्री नाटक हे ठरलेलं. त्यात गावचीच माणसं कामं करतात.

"आज फायनल आहे, माहीत नव्हतं?"

"माहीत होतं जी. पन गावाले नाही कसा म्हनू? माह्या बापानं बी याच पटाच्या नाटकात राजा केला होता."

मला राग आला. मग राग करायचाही कंटाळा आला. ज्येष्ठमध झालं, हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या. आवाज काही परत येईना. चढाई करताना 'कबड्डी कबड्डी' सतत आणि ऐकू येईल असं म्हणावं लागतं. त्याला दम म्हणतात. दम ऐकू आला नाही तर पंच परत पाठवतो आणि गुण समोरच्यांना मिळतो. म्हणून त्याला नुसतं पकडीला ठेवलं. बाकीची पोरं जीव तोडून खेळली, तरी शेवटी आम्ही एका गुणाने मागे.

"साहेब, मले जाऊ द्या."

"आवाज कुठाय तुझा?"

"निंगल जी."

मी मान हलवली. दुसरं होतं कोण?

काय गेला तो! दोघांना शिवून रेषेवर परत. आमची माणसं नाचायला लागली. पंचाची शिट्टी मात्र आधीच वाजली होती, त्या गलक्यात आम्हाला ऐकू आली नव्हती. दयारामचे ओठ हलत होते, पण दम ऐकू येत नव्हता. मॅच गेली.

मी त्याला मॅनेजरसाहेबांसमोर उभं केलं. "सर, गळ्यामुळे हरलो. सीझनभर यानंच जिंकून दिलंय."

"ठरलं ते ठरलं. पुढच्या वर्षी बघू." मग दयारामकडे वळून साहेब प्रसन्न हसले. "पण काल काय गायलास रे! पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत होतो मी. शेवटच्या पदाला तीनदा वन्समोर दिला, तरी मन भरलं नाही."

दयारामने हात जोडले. काहीतरी बोललाही, पण ते ऐकू आलं नाही. त्याच्याकडे बघवेना मला.

तो बदलीच राहिला. पुढच्या सीझनला तारीख ठरवण्याआधी मी आसपासच्या गावांत पट कधी आहेत ते विचारून घेतलं. आणि साहेबांना कुठून कुठून आमंत्रण आहे, तेही.